डोळ्यांची 'लीक टेस्ट' केलीय का?

शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत भट्टीसमोर उभं राहायचं तर गडद काचेचा गॉगल हवाच. पण डोळ्यांचा एक शत्रू गॉगलच्या मागून येतो. रक्तातून!

नाईट शिफ्ट, अवेळी जेवण, मधल्या सुट्टीत गोड चहा. 'आपल्याला कुठली शुगर?' म्हणणाऱ्यांनी एवढंच ऐका: २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे.

साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की डोळ्याच्या पडद्यातल्या केसाहून बारीक रक्तवाहिन्या दुखावतात. शरीराला वाटतं, हल्ला झालाय. मग इंटरल्युकिन-६, टीएनएफ-अल्फा अशी दाह वाढवणारी प्रथिनं सुटतात. खरं तर ही इन्फेक्शनशी लढणारी मंडळी. इथं मात्र ती शिफ्ट संपली तरी घरी जात नाहीत! पांढऱ्या पेशी वाहिन्यांच्या भिंतींना चिकटतात, भिंतींचे सांधे सैल होतात, द्रव पाझरतो. रक्तपुरवठा तुटला की पडदा 'व्हीईजीएफ' हे आणखी एक प्रथिन सोडतो. त्यानं गळती वाढतेच, शिवाय कच्च्या नव्या वाहिन्या उगवतात. त्या फुटल्या की डोळ्यात रक्त.

आणि हे सगळं चालू असताना तुम्ही व्हर्निअर झकास वाचत असता. दुखत नाही, खुपत नाही. वरून गुळगुळीत कास्टिंगच्या पोटात ब्लोहोल असावं, तसंच.

उपचार आहेत. अमेरिकेत १९८९ मध्ये नेपोलिओने फेरारा यांच्या टीमनं व्हीईजीएफ ओळखलं. त्याला अडवणाऱ्या रॅनिबिझुमॅब या औषधाची भारतीय आवृत्ती २०१५ मध्ये आली. डोळ्यात इंजेक्शन म्हटल्यावर काटा येतो, पण डोळा बधिर करूनच देतात. गंमत म्हणजे गुण सगळ्यांना सारखा येत नाही. व्हीईजीएफ अडवलं तरी काहींची सूज उतरत नाही, कारण दाहाच्या बाकीच्या प्रथिनांचं काम चालूच असतं. मग डॉक्टर स्टेरॉइडकडे वळतात. त्यानं दाह शमतो, पण मोतीबिंदू आणि डोळ्यातला दाब वाढण्याची धास्ती असते.

तेव्हा टाइप टू मधुमेह निघाला की लगेच पडदा तपासून घ्या, पुढं साधारण दरवर्षी. चष्म्याचा नंबर काढला म्हणजे पडदा तपासला असं नव्हे हं! थेंब घालून बाहुली मोठी करतात, नंतर काही तास धूसर दिसतं. त्यामुळं त्या दिवशी हायवेवर बाइक हाणायची नाही. मित्राला मागं नाही, पुढं बसवा.