मुखपृष्ठावरचं बटण

मुखपृष्ठावर पत्त्यातल्या बदामासारखा लाल कागद चिकटवलाय आणि त्या बदामावर शर्टाला लावतात तसलं खरंखुरं बटण. १९१५ साली मॉस्कोत निघालेल्या या पुस्तकाचं नाव ‘झाउमनाया ग्निगा’. रशियन भाषेत पुस्तकाला ‘क्निगा’ म्हणतात. इथे पहिलं अक्षर मुद्दाम बिघडवलंय. कवी अलेक्सेई क्रुचोनिख, चित्रकार ओल्गा रोझानोव्हा. आत तिचे पत्त्यांवरचे रंगीत लिनोकट आहेत. ‘अल्याग्रोव्ह’ या टोपणनावाने सोबत लिहिणारा तरुण म्हणजे पुढे भाषाशास्त्रात गाजलेला रोमान याकोबसन.

हे बटण नुसती गंमत म्हणून लावलेलं नाही. त्या काळी श्रीमंती थाटाची, जाड कागदावरची देखणी पुस्तकं निघत. क्रुचोनिखसारख्या रशियातल्या फ्युचरिस्ट, म्हणजे जुन्या कलेशी नातं तोडू पाहणाऱ्या, कवींना तो थाटच मोडायचा होता. १९१०मध्ये त्यांनी आपला संग्रह चक्क भिंतीला लावायच्या कागदाच्या पाठीवर छापला. १९१४मध्ये वासिली कामेन्स्कीने ‘टँगो विथ काऊज’साठी तसाच भिंतीचा फुलाफुलांचा कागद घेतला आणि वरचा एक कोपरा छाटून पुस्तक पंचकोनी केलं. कवितेच्या समोरच्या पानावर दिवाणखान्याची भिंत!

मला मात्र सगळ्यात जवळचं वाटतं ते १९१२चं ‘मिर्स्कोन्त्सा’, म्हणजे उलट्या टोकाकडून पाहिलेलं जग. चित्रकार नतालिया गोंचारोव्हाने त्याच्या मुखपृष्ठासाठी रंगीत कागदाची पानाफुलासारखी कात्रणं हाताने कापून चिकटवली. कात्री दर वेळी थोडी वेगळी फिरायची, त्यामुळे एक प्रत दुसरीसारखी नाही. आतला बराचसा मजकूर हस्ताक्षरातच, दगडी छपाईचा. काही अक्षरं तर बटाट्याच्या ठशांनी उमटवलेली. हस्ताक्षर लिहिणाऱ्याच्या मनःस्थितीनुसार बदलतं आणि ती मनःस्थिती शब्दांच्या अर्थावाचूनही वाचकाला कळते, असं क्रुचोनिख आणि त्याचा सहकवी ख्लेबनिकोव्ह मानत. खिळ्यांच्या छपाईत नेमकी तीच पुसली जाते.

पहिलं महायुद्ध चालू असताना, १९१६मध्ये, क्रुचोनिखने पेत्रोग्राडमधून ‘वैश्विक युद्ध’ काढलं. त्यात १२ कोलाज आहेत. टोकदार तुकडे एकमेकांवर चाल करून येतात, पण सैनिक नाही, तोफ नाही. ही कोलाजं बरीच वर्षं रोझानोव्हाच्या नावावर होती. आता अनेक अभ्यासक ती खुद्द क्रुचोनिखची मानतात. तिच्याकडूनच तो कागदाशी बोलायला शिकला असणार, असं मला वाटतं.

अशा शेकडो पुस्तकांचा संग्रह २००१मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टला भेट मिळाला. काचेआड त्यांची पानं नीट दिसतात. ते बटण मात्र बोटाखाली यायला हवं.