नेरळचा घाट आणि रेडिएटरमधले पाणी

नेरळ स्टेशनाबाहेरून निघालेली गाडी माथेरानच्या दस्तुरी नाक्यावर पोहोचेपर्यंत साधारण ७०० मीटर उंची चढते. चार माणसे बसलेली लहान गाडी १,३०० किलोची धरली, तर तिला एवढे वर न्यायला सुमारे ९० लाख ज्यूल ऊर्जा लागते. पेट्रोलमधल्या ऊर्जेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश चाकांच्या कामी येते, एक तृतीयांश सायलेन्सरमधून निघून जाते आणि जवळपास तितकीच इंजिनाभोवती फिरणाऱ्या पाण्यात उतरते. म्हणजे या एका चढणीत ते पाणी जेवढी उष्णता वाहून नेते, तेवढ्या उष्णतेने ३० लिटर गार पाण्याला उकळी आली असती. गाडीत असते जेमतेम चार-पाच लिटर, आणि तेही उकळू द्यायचे नसते!

१९०७ मध्ये आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने सुरू केलेली माथेरानची रेल्वे हाच डोंगर सुमारे २० किलोमीटर वळणे घेत चढते. तिचा सर्वात खडा चढ वीसास एक. मोटारीचा रस्ता जवळपास निम्म्या अंतरात वर पोहोचतो. वाफेचे इंजिन आपले पाणी वाफ करून बाहेर टाकत असे आणि वाटेत पुन्हा भरून घेत असे. मोटारीला मात्र तेच पाणी वर्षानुवर्षे फिरवायचे असते.

ते उकळत नाही यामागे दोन गोष्टी आहेत. दस्तुरीच्या उंचीवर साधे पाणी ९७-९८ अंशांनाच उकळते. पण रेडिएटरचे झाकण आत साधारण एक बार जादा दाब धरून ठेवते, त्यामुळे उत्कलनबिंदू १२० अंशांच्या आसपास जातो. निम्मे कूलंट मिसळले की तो आणखी वर सरकतो. झाकणाचे रबर कडक झाले तर हा सगळा फायदा जातो, आणि बाकी काहीही बिघडलेले नसताना गाडी घाटात पाणी फेकते. म्हणून तपासणीची सुरुवात या सर्वात स्वस्त भागापासून करावी.

गाडी गरम होते, एवढ्या तक्रारीवरून दोष सापडत नाही. ती कुठे गरम होते, हे विचारावे लागते, आणि त्यासाठी नेरळचा रस्ता उत्तम प्रयोगशाळा आहे. स्टेशनाजवळच्या गर्दीत उभी असताना काटा वर जातो आणि कर्जतच्या सपाट रस्त्याला लागताच खाली येतो, तर संशय पंख्यावर: त्याची मोटर, रिले, फ्यूज किंवा वायर. उलट गर्दीत आणि सपाटीवर सगळे ठीक, पण वाटेतल्या जुम्मापट्टीच्या पुढे चढ अंगावर आला की काटा हलतो, तर पाणी पुरेसे फिरत नाही किंवा रेडिएटर पुरेशी उष्णता सोडत नाही. वर्षानुवर्षे बोअरचे जड पाणी भरलेल्या रेडिएटरमध्ये क्षार बसतात, बाहेरच्या जाळीत चिखल आणि किडे अडकतात. गॅरेजमध्ये ज्याला ‘वॉटर बॉडी’ म्हणतात तो पंप झिजलेला असू शकतो. हा पंप बहुतेक गाड्यांत इंजिनाच्याच फेऱ्यांवर चालतो. म्हणून चढावर वरच्या गिअरमध्ये रखडत नेण्यापेक्षा दुसऱ्या किंवा पहिल्या गिअरमध्ये इंजिन मोकळे फिरू देणे बरे. घाटात या मार्गाची ओळख बनलेल्या ओम्नीचे ७९६ सीसीचे इंजिन तर पुढच्या सीटखालीच बसवलेले, त्यामुळे ताप आधी चालकालाच जाणवायचा.

परतीचा उतार वेगळी माहिती देतो. इंजिनावर भार नसतो, उष्णता कमी तयार होते. चांगला थर्मोस्टॅट अशा वेळी रेडिएटरची वाट आवळून इंजिन ऊबदार ठेवतो. उतारावर काटा पार खाली बसत असेल, तर थर्मोस्टॅट उघडाच अडकला आहे. या छोट्या भागाचे मला फार कौतुक वाटते. त्यात मेणाची पितळी डबी असते. ८२ ते ८८ अंशांच्या आसपास मेण वितळते, फुगते आणि दांडा ढकलून झडप उघडते. वीज नाही, संगणक नाही. आणि आपल्याकडे गाडी तापली की अनेक ठिकाणी आधी हाच भाग काढून फेकतात! त्यामुळे इंजिन थंड राहते, पेट्रोल जादा जळते, झीज वाढते. काही इंजिनांत तर पाणी रेडिएटर टाळून आतल्या आत फिरते आणि ताप उलट वाढतो. बंदच अडकलेला थर्मोस्टॅट ओळखणे सोपे आहे: इंजिन तापलेले, वरचा होज पाइप चटका देणारा, खालचा मात्र गार. रेडिएटर चोक असला तरी असेच दिसते, म्हणून थर्मोस्टॅट काढून गरम पाण्याच्या भांड्यात टाकून पाहावा. उघडला, तर दोष रेडिएटरचा.

काट्यावरही आंधळा विश्वास नको. कित्येक गाड्यांत तो ७५ पासून १०० अंशांपर्यंत मध्यावर स्थिर दिसावा असाच बनवलेला असतो, आणि अनेक नव्या लहान गाड्यांत तर काटाच नाही, फक्त निळा आणि लाल दिवा. खरा आकडा स्कॅनर दाखवतो. तिथे तापल्या इंजिनाला उणे ४० अंश दिसले, तर सेन्सरची वायर तुटली किंवा सॉकेट निसटले असे समजावे. सर्वात फसवी स्थिती मात्र निराळी. चढावर वर गेलेला काटा अचानक खाली येतो आणि चालकाला हायसे वाटते. पाणी गळून संपलेले असते. सेन्सर पाण्याऐवजी हवेत उघडा पडल्याने कमी तापमान सांगतो, आणि इकडे सिलिंडर हेड वाकत असते. अशा वेळी गाडी लगेच कडेला घेऊन इंजिन बंद करावे.

बोनेट उघडले तरी झाकणाला हात लावू नये. आत ११० अंशांचे चार लिटर पाणी असेल आणि दाब एकदम सुटला, तर त्यातल्या जेमतेम ७५ ग्रॅम पाण्याची क्षणात वाफ होते. ती वाफ सव्वाशे लिटर जागा मागते आणि उरलेले उकळते पाणी आपल्याबरोबर चेहऱ्यावर आणते. अर्धा-पाऊण तास थांबावे, होज पाइप दाबून मऊ लागला की जाड फडक्याने झाकण हळूहळू सोडावे आणि पाणी थोडे थोडे भरावे. तापलेल्या हेडवर एकदम गार पाणी ओतले तर त्याला तडा जाऊ शकतो. पाणी भरून इंजिन सुरू केल्यावर टाकीत सतत बुडबुडे येत राहिले, किंवा डिपस्टिकवरचे तेल दुधाळ दिसले, तर हेड गॅस्केट गेले आहे, आणि ती गाडी टो करूनच खाली न्यावी.