पोरक्या मुलाचे निशाण

अमेरिकेतल्या पन्नास राज्यांची आपापली निशाणे आहेत. त्यांतली कितीतरी अशी, की निळ्या कापडावर राज्याची मुद्रा चिकटवली आणि काम संपले! अलास्काचे निशाण मात्र मला पाहताक्षणी आपले वाटले. गडद निळ्या आकाशात आठ सोनेरी तारे, दुसरे काही नाही. सात आपले सप्तर्षी. आठवा, कोपऱ्यातला मोठा तारा, आपला ध्रुव.

अलास्का अमेरिकेने 1867 साली रशियाकडून 72 लाख डॉलरना विकत घेतले. पण राज्याचा दर्जा काही दिला नाही. या मुलखाला निदान निशाण तरी हवे, म्हणून 1926-27 साली सातवी ते बारावीच्या विद्यार्थ्यांची स्पर्धा ठेवली गेली. कुणी पांढरे अस्वल काढले, कुणी मध्यरात्रीचा सूर्य, कुणी सोने धुण्याची परात. सीवर्ड गावच्या अनाथाश्रमातल्या बेनी बेन्सनने आकाश काढले.

बेनीची आई तिथल्या मूळ रहिवाशांपैकी, वडील स्वीडिश. आई तो अगदी लहान असतानाच वारली आणि वडिलांनी त्याला व त्याच्या भावाला आश्रमात ठेवले. मुंबईहून ध्रुव क्षितिजापासून जेमतेम 19 अंश वर दिसतो आणि सप्तर्षी मावळतात. सीवर्डला ध्रुव 60 अंशांवर असतो आणि सप्तर्षी कधी मावळतच नाहीत. घर सुटलेल्या मुलाला रात्र पडली की हमखास भेटणारी एवढीच काय ती मंडळी!

आपल्या चित्राचा अर्थही त्याने लिहून दिला होता. निळा रंग आकाशाचा आणि फर्गेट-मी-नॉट या अलास्काच्या इवल्याशा फुलाचा. सप्तर्षी म्हणजे मोठे अस्वल, बळाचे प्रतीक. (संस्कृतातही ‘ऋक्ष’ म्हणजे अस्वल आणि ‘ऋक्ष’ म्हणजे ताराही!) आणि ध्रुव? तो अलास्काच्या भावी राज्याचा. साऱ्या राज्यांत उत्तरेकडचे राज्य तेच होणार होते.

‘भावी’ हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. तिथल्या मूळ रहिवाशांना सरसकट नागरिकत्व मिळाले 1924 साली. त्यानंतर तीनच वर्षांत त्यांच्यातल्या एका शाळकरी पोराने, नसलेले राज्य निशाणावर काढून ठेवले. बापाच्या मांडीवरून उठवलेल्या आपल्या ध्रुवाची गोष्ट बेनीला कुठून ठाऊक असणार? पण अढळपद त्यानेही मागितले, आणि मागितले ते साऱ्या मुलखासाठी.

मे 1927 मध्ये तिथल्या विधिमंडळाने ते निशाण स्वीकारले. बेनीला सोन्याचे घड्याळ आणि 1000 डॉलर मिळाले. त्या पैशांतून पुढे तो डिझेल यंत्रांचे काम शिकला. 3 जानेवारी 1959 रोजी अलास्का राज्य झाले, तेव्हा निशाणात एका टाक्याचाही बदल करावा लागला नाही. बेनी तेव्हा कोडियाक बेटावर विमानांची दुरुस्ती करीत होता.