‘आई, ही एकच मॅच!’

रात्री अकराला पांघरुणाखालून ‘बुयाह!’ ऐकू आले, तर समजावे की पोरगा फ्री फायर मॅक्समध्ये जिंकला. मूळच्या फ्री फायरवर सरकारने फेब्रुवारी 2022 मध्ये बंदी घातली. मॅक्स मात्र चालू राहिला. खेळ समजायला सोपा आहे. 50 जण पॅराशूटने बेटावर उतरतात, बंदुका शोधतात, सुरक्षित जागेचे वर्तुळ आवळत जाते आणि शेवटी उरेल तो जिंकतो. एक डाव साधारण दहा-पंधरा मिनिटांचा. बीजीएमआयमध्ये 100 जण असतात आणि डाव अर्ध्या तासापर्यंत चालतो.

मग दहा मिनिटांच्या खेळाला मध्यरात्र का होते?

एक कारण रँक. ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड असे चढत जायचे. वरच्या रँकला लवकर मेले की गुण कापले जातात, हंगाम संपला की रँक पुन्हा खाली येते. हरलेला गुण भरून काढायला खेळतो, जिंकलेला आणखी चढायला. शिवाय स्क्वॉड चौघांचा. एकाने मध्येच फोन ठेवला की बाकीचे तिघे अडचणीत येतात. म्हणून ऐन डावात फोन हिसकावला की मुलगा अंगावर येतो. तो सगळाच उद्धटपणा नसतो. आमचे सांगणे असे, की मुदत मिनिटांत नको, डावांत ठरवा. ‘दोन डाव, मग फोन चार्जिंगला.’ बहुतेक वेळा चौघेही एकाच गल्लीतले असतात. चार घरच्या आयांनी मिळून रात्रीची एकच वेळ ठरवली, तर कुणालाच दोस्तांना सोडून उठावे लागत नाही.

दुसरी ओढ पात्रांची. केली इतरांपेक्षा जोरात धावते, आलोक जखमी साथीदारांची ताकद भरून काढतो. (नावावरून आपल्याकडचा वाटतो, पण हा ब्राझीलचा खराखुरा डीजे आहे.) पात्रे, पोशाख, बंदुकांचे रंग यांतले बरेचसे ‘डायमंड’ देऊन मिळते आणि डायमंड रुपये देऊन. साध्या कपड्यातल्या खेळाडूला पोरे ‘नूब’ म्हणून चिडवतात. हे चिडवणे मुलाला फार लागते, आणि पैसे तिथेच जातात. यूपीआयचा पिन मुलाला ठाऊक असेल तर आजच बदला.

थोडा वेळ खेळणारा मुलगा आजारी नाही, हेही सांगायला हवे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत ‘गेमिंग डिसऑर्डर’ आहे. ही यादी 1 जानेवारी 2022 पासून लागू झाली. त्यात तीन गोष्टी पाहतात: खेळावर ताबा राहत नाही, शाळा-जेवण-झोप यांच्यापुढे खेळच येतो आणि नुकसान दिसत असूनही तो सुटत नाही. हे साधारण वर्षभर चालले तर डॉक्टर आजार म्हणतात. पण मुलगा सकाळी उठेनासा झाला, वर्गात पेंगू लागला, तर वर्षभर थांबू नका. सरकारच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा नंबर मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येते.