घरबसल्या परिचर्येचे मोल

विवाह, बाळंतपण किंवा पतीची बदली यांमुळे नोकरी सोडावी लागलेल्या प्रशिक्षित परिचारिका जालना जिल्ह्यात, भोकरदन-परतूरसारख्या गावीही, आढळतात. त्यांचे ज्ञान वाया जाणे ही समाजाचीच हानी होय. इंटरनेटमुळे त्यांना आता घरून काम करता येते. नर्सिंगच्या विद्यार्थिनींची शिकवणी, रुग्णनोंदींचे सांकेतिकीकरण, आरोग्यविषयक मजकुराचे भाषांतर, मधुमेही रुग्णांची दूरध्वनीवरून विचारपूस अशी ही कामे आहेत. औषधयोजना मात्र त्यांच्या कक्षेबाहेरची आहे. मार्च 2020 च्या दूरवैद्यक मार्गदर्शक तत्त्वांनी तो अधिकार नोंदणीकृत डॉक्टरांकडेच ठेवला आहे.

तथापि, खरा प्रश्न मोबदल्याचा आहे. घरात एकटीने काम करणाऱ्या स्त्रीला दराविषयी घासाघीस करता येत नाही. विडी कामगार स्त्रियांची अवस्था हीच होती. म्हणूनच 1966 च्या कायद्याने घरी विड्या वळणाऱ्या स्त्रीलाही कामगार मानले. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत 'प्लॅटफॉर्म कामगारा'ची व्याख्या आली खरी, परंतु व्याख्येने किमान दर ठरत नाही. तो दर आणि लेखी करार यांची मागणी परिचारिकांच्या संघटनांनी आताच करावयास हवी. एरवी सुशिक्षित स्त्रीच्या वाट्यालाही विडीच्या सुपाचेच अर्थशास्त्र येईल.