कुतूहल : बाबांचं वयही विचारा

मूल जन्मतः व्यंग घेऊन आलं, की पहिला प्रश्न आईला : ग्रहण पाळलं होतंस ना? बाबांचं वय कोणीच विचारत नाही.

१९१२ साली जर्मन डॉक्टर विल्हेल्म वाइनबर्ग यांना दिसलं, की हातपाय आखूड राहणारा अकॉन्ड्रोप्लेझिया हा विकार शेंडेफळांत जास्त आढळतो. पुढे लायनेल पेनरोझ यांनी दाखवलं, की खरा संबंध वडिलांच्या वयाशी आहे.

स्त्रीची बीजं तिच्या जन्माआधीच तयार असतात. पुरुषाच्या वृषणातल्या मूळपेशी मात्र वयात आल्यापासून साधारण दर १६ दिवसांनी विभागत राहतात. प्रत्येक वेळी सगळ्या डीएनएची नक्कल होते आणि हाताने पोथी उतरवताना व्हाव्यात तशा चुका साचतात. आइसलंडमधल्या २०१२ च्या अभ्यासात वडिलांच्या वयाच्या दर वर्षामागे बाळात सुमारे दोन नवे बदल जास्त आढळले. बहुतेक निरुपद्रवी! अकॉन्ड्रोप्लेझियाला मात्र एफजीएफआर३ जनुकातलं एकच अक्षर बदललेलं पुरतं. त्यात असा बदल झालेली मूळपेशी इतरांपेक्षा जोमाने वाढते.

नेहमीच्या वीर्यतपासणीत हे दिसत नाही. शुक्रजंतूंची संख्या, हालचाल उत्तम असूनही चूक आत असू शकते. चाळिशीनंतरच्या बाबांची बहुतेक मुलं निरोगीच जन्मतात. तरी जनुकीय समुपदेशनाला आईला एकटीला पाठवू नका, बाबांनीही सोबत जावं.