एका हाताचा ड्रमर, एकेका तारेची गिटार: 'हिस्टेरिया' हा अल्बम अजून डोक्यातून का जात नाही?

३१ डिसेंबर १९८४. इंग्लंडमधल्या शेफिल्ड शहराबाहेरच्या वळणावळणाच्या रस्त्यावर एका कॉर्व्हेट गाडीचा भीषण अपघात झाला. गाडी चालवणारा पोरगा होता २१ वर्षांचा. त्याचा डावा हात तुटला. डॉक्टरांनी तो परत जोडला, पण इन्फेक्शन झालं आणि हात कायमचा काढावा लागला.

पोराचं नाव रिक ॲलन. काम काय, तर डेफ लेपर्ड या रॉक बँडमध्ये ड्रम वाजवायचे.

त्या वेळी बँड फुल फॉर्मात होता. १९८३ साली आलेला त्यांचा 'पायरोमेनिया' अमेरिकेत तुफान खपला होता. चार्टवर तो दुसऱ्या नंबरपर्यंत गेला आणि तिथेच अडकला, कारण वर मायकल जॅक्सनचा 'थ्रिलर' ठाण मांडून बसला होता. ही 'थ्रिलर'वाली गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

नव्या अल्बमचं काम सुरू झालं होतं, पण गाडी रुळावर येत नव्हती. आधीच्या अल्बमचा प्रोड्युसर रॉबर्ट जॉन लँग, ज्याला सगळे 'मट' लँग म्हणतात, तो थकून बाजूला झाला होता. त्याच्या जागी जिम स्टाइनमन आला, पण त्याचं आणि बँडचं जमलं नाही. त्यात ड्रमरचा हात गेला. बाकीच्या चौघांनी दुसरा ड्रमर शोधायचा नाही असं ठरवलं. पुढे काय करायचं ते ॲलननेच सांगायचं.

ॲलनने हॉस्पिटलच्या बेडवरच उत्तर शोधलं. पडल्या पडल्या तो पायाने ताल धरायला लागला आणि त्याच्या लक्षात आलं, की डाव्या हाताचं काम डावा पाय करू शकतो. मग सिमन्स कंपनीच्या इलेक्ट्रॉनिक ड्रमवर त्याच्यासाठी खास किट तयार झालं. डाव्या पायाखाली पेडल, पेडल दाबलं की स्नेअरचा आवाज. १९८६ च्या ऑगस्टमध्ये डॉनिंग्टनच्या 'मॉन्स्टर्स ऑफ रॉक' या भल्यामोठ्या फेस्टिव्हलमध्ये तो स्टेजवर आला. गायक जो एलियटने त्याचं नाव घेतलं आणि मैदान अक्षरशः दणाणलं. अल्बमचं नावही ॲलननेच सुचवलं. अपघातानंतर मीडियाने जो धुमाकूळ घातला होता, त्यावरून 'हिस्टेरिया'.

आता येऊ मूळ प्रश्नावर. हा अल्बम कानाला इतका का चिकटतो?

मट लँग परत आला तेव्हा त्याच्या डोक्यात एक आयडिया होती. पॉपमध्ये 'थ्रिलर'ने जे केलं, ते आपण रॉकमध्ये करायचं. 'थ्रिलर'मधून सात हिट सिंगल निघाली होती. रॉक अल्बमचा हिशेब तेव्हा वेगळा असायचा. दोन-तीन गाणी रेडिओसाठी, बाकीची फॅन लोकांसाठी. लँगचं म्हणणं, इथे भरतीचं गाणं नकोच.

त्यासाठी त्याने जे केलं ते आपल्याकडच्या भाषेत सहज समजतं. आपल्या गाण्यात मुखडा असतो, मग अंतरा, मग परत मुखडा. लोक गुणगुणतात तो मुखडा. लँगच्या गाण्यात अंतराही मुखड्यासारखा लक्षात राहणारा, अंतऱ्यातून मुखड्याकडे नेणारा तुकडाही तसाच, आणि सुरुवातीची गिटारची धूनसुद्धा तोंडाने वाजवता येईल अशी. म्हणजे रेडिओ कुठल्याही सेकंदाला लावा, हाताशी काहीतरी गोड लागणारच. 'ॲनिमल' हे गाणं अगदी सुरुवातीच्या काळातलं, पण ते मनासारखं व्हायला काही वर्षं गेली.

पण फक्त चाल गोड असून भागत नाही. रॉकमधली खरी अडचण गिटारची असते. ॲम्प्लिफायरमधून फाटका, करकरीत आवाज काढून पूर्ण कॉर्ड वाजवली, की त्यातले सूर एकमेकांत मिसळून गढूळ होतात. चाळीत सगळे एकदम बोलायला लागले तर एकाचंही नीट ऐकू येत नाही, तसं. यावर लँगचा उपाय डोकं फिरवणारा होता. काही ठिकाणी त्याने गिटारवाल्यांना कॉर्ड अख्खी वाजवूच दिली नाही. एक तार वाजवा, रेकॉर्ड करा. मग दुसरी, मग तिसरी. नंतर सगळं एकत्र करायचं. प्रत्येक सूर स्वच्छ राहतो आणि तरीही रॉकचा भरीवपणा येतो. फिल कॉलन आणि स्टीव्ह क्लार्क या दोघा गिटारिस्टांच्या सहनशक्तीला सलाम.

शिवाय मोठ्या ॲम्प्लिफायरऐवजी 'रॉकमन' नावाचं छोटं यंत्र वापरलं. त्यातून गिटारचा आवाज आटोपशीर, दाबलेला येतो. एकट्याने ऐकला तर पोकळ वाटेल, पण त्यामुळे गाणाऱ्यांसाठी मोकळी जागा उरते. त्या जागेत लँगने आवाजांचे थरावर थर रचले. कोरसमध्ये पन्नास माणसं गातायत असं वाटतं, असतात मोजकीच, पुन्हा पुन्हा रेकॉर्ड केलेली. कारच्या छोट्या स्पीकरमध्ये खर्जाचा आवाज फारसा येत नाही, मधल्या पट्टीतला येतो. 'हिस्टेरिया'चा सगळा माल त्याच मधल्या पट्टीत भरलेला आहे. आज मोबाइलच्या स्पीकरवरही तो दमदार वाजतो, त्यामागे हेच कारण.

ड्रमचं काय? तेसुद्धा मुख्यतः फेअरलाइट नावाच्या कॉम्प्युटरमध्ये साठवलेले आवाज. म्हणजे पाच जण एका खोलीत बसून वाजवतायत असं या अल्बममध्ये जवळपास कुठेच नाही. कट्टर रॉकवाल्यांची तक्रार नेमकी इथेच आहे. हे प्लास्टिक आहे, मशीनचं आहे, यात जीव नाही.

मला ही तक्रार अर्धीच पटते. शब्दांच्या बाबतीत म्हणाल तर अगदी मान्य. बहुतेक गाण्यांचे शब्द नुसते तोंडाला छान बसतात, अर्थ शोधायला जाऊ नका. (अपवाद 'गॉड्स ऑफ वॉर'. त्यात रीगन आणि थॅचर यांचे खरे आवाज वापरलेत. ते सिंगल म्हणून आलं नाही, पण माझ्या मते अल्बममधलं सगळ्यात वजनदार गाणं तेच.) पण 'मशीन' हा शब्द शिवीसारखा वापरताना एक गोष्ट विसरली जाते. ज्या इलेक्ट्रॉनिक ड्रमला लोक नाकं मुरडत होते, तो नसता तर रिक ॲलनचं करिअर २१ व्या वर्षी संपलं असतं.

अल्बम आला ३ ऑगस्ट १९८७ ला. बारा गाणी, ६२ मिनिटं. ब्रिटनमध्ये थेट पहिला नंबर. अमेरिकेत मात्र पहिलं सिंगल 'विमेन' फुसकं निघालं. तीन वर्षांत खर्च इतका वाढला होता, की नुसतं कर्ज फेडायलाच लाखो प्रती खपणं गरजेचं होतं.

वाचवलं ते सगळ्यात शेवटी बनलेल्या गाण्याने. अल्बम जवळपास पूर्ण झाला होता. ब्रेकमध्ये एलियट अकूस्टिक गिटारवर सहज एक धून वाजवत बसला होता. लँगच्या कानावर ती पडली आणि त्याने तिथल्या तिथे हट्ट धरला, हे घ्यायचंच. तेच 'पोर सम शुगर ऑन मी'. बँडच्या सांगण्यानुसार फ्लोरिडातल्या स्ट्रिप क्लबमधल्या डान्सर रेडिओ स्टेशनला फोन करून हे गाणं मागायला लागल्या आणि तिथून ते पसरलं. मग एमटीव्हीवर त्याचा लाइव्ह व्हिडिओ दिवसरात्र फिरला. जुलै १९८८ मध्ये, म्हणजे रिलीजनंतर जवळपास वर्षभराने, 'हिस्टेरिया' अमेरिकेत एक नंबरला पोचला. ऑक्टोबरमध्ये 'लव्ह बाइट्स' हे संथ गाणंही सिंगल्समध्ये पहिलं आलं. एकूण सिंगल निघाली सात. 'थ्रिलर'इतकीच. जगभरात खप दोन कोटींच्या वर गेला.

ही रेसिपी आपण नकळत ऐकलेली आहे. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये गिटारवाला हमखास वाजवतो ते ब्रायन ॲडम्सचं 'एव्हरीथिंग आय डू' याच लँगने प्रोड्युस केलंय. शनाया ट्वेनचा 'कम ऑन ओव्हर'ही त्याचाच. 'लव्ह बाइट्स'सुद्धा त्याने आणलं तेव्हा कंट्री ढंगाचं होतं, बँडने त्याला रॉकचा पेहराव चढवला.

ऐकायचं असेल तर हेडफोन लावून 'हिस्टेरिया' हेच गाणं आधी लावा. गिटारचे सूर एकेक करून वेगळे ऐकू येतात का बघा. आणि मग बँडचा एखादा लाइव्ह व्हिडिओ काढून रिक ॲलनच्या डाव्या पायाकडे लक्ष ठेवा.